राखडीवरून आलेली हाक

कामिनी भोयर यांच्या गळ्यात एक अख्खा गोठा आहे, असं त्रिमूर्तीनगरातले लोक गमतीनं म्हणायचे. गाय, वासरू, शेळी, कोंबडा, रुसलेली मांजर, म्हातारं गाढव, सगळे तिथंच राहायचे. वीस-बावीस वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवली. रडणारं मूल दारात आलं की बाई मान वळवून हळूच करडाचा आवाज काढायच्या. मूल रडायचं थांबून करडू शोधायला लागायचं, अन् तोवर आई निघून गेलेली असायची.

पुढं मोठ्या शाळांच्या पिवळ्या बस गल्लीत येऊ लागल्या आणि बालवाडी ओस पडली. यजमान मधुकरराव पोस्टातून निवृत्त झाले होते. दोघंच घरात. बोलायला माणूस मिळेना तेव्हा बाई स्वयंपाकघरात एकट्याच आवाज काढायच्या, अन् मधुकरराव पेपरामागून म्हणायचे, "अवं, कोंबडा झाकून ठेव आता."

अशात एक दिवस ऋषिकेश आला. बाईंच्याच बालवाडीत शिकलेला, आता तिशीचा, पुण्यातली नोकरी सोडून परतलेला. त्यानं धरमपेठेत दोन खोल्या घेऊन मोबाइलवरच्या गोष्टींचं काम सुरू केलं होतं. 'सांग पुढे' हे त्याचं नाव. गोष्ट ऐकता ऐकता मध्येच थांबायची आणि मुलाला विचारायची: आता कुठं जायचं, नदीकडे की डोंगराकडे? मूल बोट लावेल तिकडे गोष्ट वळायची. शिवाय माइकचं चित्र दाबलं की गोष्टीतल्या प्राण्याशी बोलताही यायचं.

"बाई, प्राणी खरंखरं उत्तर देतो," ऋषिकेशनं समजावून सांगितलं. "म्हणजे मूल काय बोललं त्यातला एखादा शब्द फोन ओळखतो, अन् त्याला जुळेल असं तुमचं आधीच रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकवतो. 'भूक' म्हटलं की भुकेचं, 'झोप' म्हटलं की झोपेचं."

बाईंना ते जादूसारखं वाटलं. त्यांनी होकार दिला, अन् त्यांच्या गळ्यातून भुरकी जन्माला आली. कळपातून चुकलेली एक राखी रंगाची शेळी. बोलायची मात्र आपल्या खेड्यापाड्यातल्या माणसांसारखी, 'मले', 'तुले' करत. पुस्तकी बोलीतल्या गोष्टी ऐकून कंटाळलेली पोरं तिच्यावर तुटून पडली. काटोल, उमरेड, पार भंडाऱ्यापर्यंतच्या शाळांमधले गुरुजी पालकांच्या फोनवर 'सांग पुढे' टाकून देऊ लागले. दर शनिवारी नवा भाग यायचा आणि रविवारी सकाळी बाई ऑफिसात बसून मुलांचे रेकॉर्ड झालेले आवाज ऐकायच्या. भुरकीनं काय खाल्लं, तिची आई कुठं आहे, तिला थंडी वाजते का. ऐकता ऐकता बाईंचा चहा थंड होऊन जायचा.

जानेवारीत भुरकी एका पांढऱ्या मैदानात अडकली.

ते मैदान बाईंनी बालपणातून आणलं होतं. त्यांचे वडील वीज केंद्रात कामाला होते, लहानपण तिथल्या कॉलनीत गेलेलं. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपातून दूर नेऊन सोडत. मातीची उंच पाळ घातलेला तो राखडीचा तलाव. वरून वाळला की पांढराफट्ट, सपाट, जणू कुणी आभाळ खाली अंथरलंय. आणि त्या वाळलेल्या पापुद्र्याखाली चिखल. बाई सात-आठ वर्षांच्या असताना एका गुराख्याची म्हैस त्यात उतरली होती. पाळीवर शंभर माणसं उभी, कुणालाच काही करता येईना. म्हैस ओरडतही नव्हती, फक्त बघत होती. वडिलांनी बाईंचे डोळे झाकले, पण उशिरा.

गोष्टीत बाईंनी म्हैस घेतली नाही. फक्त मैदान घेतलं. भुरकी दोन भागांत ते ओलांडून पलीकडे जाणार होती. पण ऋषिकेश म्हणाला, "बाई, शनिवारचा भाग मधेच तोडू या. भुरकी अडकली, हाक मारून राहिली, संपलं. मुलं आठवडाभर परत परत येतील."

"लहान लेकरं आहेत रे. आठवडाभर जीव टांगून ठेवायचा?"

"त्यातच तर मजा आहे ना बाई. तुम्हीच नाही का डब्याच्या सुट्टीआधी गोष्ट अर्धी सोडायच्या?"

ते खरं होतं. बाईंनी माइकसमोर उभं राहून हाक मारली: "कोणी हाये का वं तिकडं? मले भेव लागून राहिलं!" रेकॉर्डिंग झाल्यावर ऋषिकेशनं अंगावरचा काटा दाखवला. बाईंना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी ऑफिसात दोघंच होते. बाहेर गारठा, रस्त्यावर संत्र्यांच्या गाड्या लागलेल्या. बाईंनी कानाला हेडफोन लावला. भुरकीच्या काळजीनं पोरं हैराण झाली होती. कुणी तिला दोरी टाकत होतं, कुणी देवाला नारळ बोलत होतं. बाई हसत होत्या. मग एक बारीक, जरा घोगरा आवाज आला. रेकॉर्डिंग शनिवार संध्याकाळचं होतं. नाव उन्नती, वर्ग दुसरी, गाव सावरखेडी.

"भुरके, रडू नको वं. तू कोठी हायेस ते मले माहीत हाये. आमच्या गावाच्या मागंच हाये ते पांढरं. मी पाहिलं नं."

त्यावर फोननं भुरकीचं ठेवणीतलं उत्तर दिलं होतं: "हो का वं? मंग?"

"आजी म्हणते तिकडं जायाचं नाही. पण उद्या आजी वावरात तुरी सोंगाले जाणार हाये. मी येऊ?"

फोननं 'येऊ' हा शब्द ओळखला. आणि बाईंच्या कानात बाईंचाच आवाज आला, लाडिक, आर्जवी, महिन्यापूर्वी भुरकीच्या वाढदिवसाच्या भागासाठी रेकॉर्ड केलेला:

"ये नं, लवकर ये! मी वाट पाहून राहिली."

"येतो मंग," उन्नती कुजबुजली. "कोणाले सांगू नको."

बाईंनी हेडफोन काढला. त्यांनी परत लावला आणि परत ऐकलं, कारण आपण चुकीचं ऐकलं असावं अशी वेडी आशा होती. शब्द तेच होते. मागं कुठंतरी वीज केंद्राचा भोंगा वाजत होता. तो आवाज बाई जन्मात विसरल्या नसत्या.

"ऋषी," त्या म्हणाल्या. मग टेबलावर हात आपटला. "ऋषी, इकडे ये!"

ऋषिकेशनं ऐकलं. आधी तो म्हणाला, "बाई, मुलं असं बोलतातच. तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिल्या." पण त्याचा चेहरा शब्दांसोबत नव्हता. नोंदवलेल्या नंबरवर त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. वाजत राहिली. गुरुजींचा नंबर शोधला तर ते लग्नाला परगावी गेलेले. म्हणाले, गावात ओळखीच्या कुणाला तरी सांगतो. पोलिसांच्या एकशेबारा नंबरला फोन केला. पलीकडच्या ऑपरेटरनं शांतपणे सगळं लिहून घेतलं, गाडी पाठवतो म्हणाली.

"पाठवतील," ऋषिकेश म्हणाला.

"तू गाडी काढ," बाई म्हणाल्या.

मानकापूरपर्यंत रस्ता मोकळा होता. पुढं कोराडीच्या देवीला निघालेल्या लोकांची रविवारची गर्दी लागली. ऋषिकेश हॉर्नवरचा हात काढेना. बाई मांडीवर फोन ठेवून सारखा तोच नंबर लावत होत्या. दर रिंगेला त्यांना वाटायचं, आता उचलेल, आता कुणीतरी खेकसून म्हणेल, कोण पाहिजे? कुणी खेकसलं असतं तर बाईंनी त्याचे पाय धरले असते.

"कदाचित उठलीच नसेल अजून," ऋषिकेश म्हणाला.

"अकरा वाजून गेले ऋषी."

"विसरली असेल. मुलं विसरतात."

वीस वर्षं मुलांत काढलेल्या त्यांना ठाऊक होतं की मोठ्यांनी सांगितलेलं मुलं विसरतात, स्वतः दिलेलं वचन विसरत नाहीत. डोळे मिटले की म्हैस दिसायची, म्हणून त्या डोळे उघडे ठेवून समोरच्या ट्रकची मागची पाटी वाचत राहिल्या.

छिंदवाडा रोड सोडून गाडी आत वळली. झाडांची पानं राखेनं पांढुरकी झालेली. सावरखेडीच्या तोंडाशी पानठेल्यावर एक माणूस उभा होता.

"उन्नती कुठं राहते? आजीजवळ असते ती?"

"इंदुबाईची नात? मायबाप विटाभट्टीवर असतात तिचे, उमरेडकडं." तो आरामात सांगत होता. "आत्ताच दिसली नं. तुरीचा पाला घेऊन चालली होती पाळीकडं. म्या म्हटलं, काहून वं, शेळ्या कधी घेतल्या तुम्ही? तं हासली."

ऋषिकेशनं गाडी तशीच पाळीच्या दिशेनं घातली. जिथं चाकं रुतली तिथं दोघं उतरून धावले. बाई साठीच्या जवळ आलेल्या, गुडघे धरलेले. पाळ चढताना एका जागी त्या हातांवर पडल्या आणि तशाच चार पायांवर वर गेल्या.

वर पोचल्या आणि सगळं पांढरं दिसलं.

ऊन त्या राखडीवरून उसळून डोळ्यांत घुसत होतं. पाळीवर वामनराव नावाचा म्हातारा शेळ्या राखत उभा होता, काठी उगारून ओरडत होता. तो दाखवत होता त्या दिशेला, बरंच आत, एक लाल स्वेटर होता. एवढासा. काखेत हिरव्या पाल्याची पेंढी.

"वापस ये वं पोट्टी! टांगडं तोडतो तुहं! वापस ये म्हणतो नं!"

प्रत्येक ओरडण्यासरशी लाल स्वेटर आणखी दोन पावलं आत सरकत होता.

"ओरडू नका!" बाईंनी त्याचा हात धरला. "तुमच्या भेवानं ती पुढं जाऊन राहिली!"

"अवं बाई, पुढं पाइपाचं तोंड हाये. तिथं पापुद्रा नाही धरत. गेली म्हणजे गेली!"

ऋषिकेश खाली उतरायला लागला. वामनरावानं त्याची कॉलर पकडून मागं ओढलं. "तू जाशील तं तुह्या वजनानं फुटंल सारं."

बाईंना कळलं काय करायचं ते. ज्या आवाजानं तिला इथवर आणलं, तोच आवाज आता काढायचा. पण आपण तोंड उघडून हाक मारताना दिसलो तर उन्नतीला दिसेल एक परकी बाई, आणखी एक रागावणारं मोठं माणूस. पाळीच्या बाहेरच्या उतारावर एक बाभूळ होती, तिच्याभोवती झुडपं. बाई झुडपामागं खाली बसल्या. तिथून तलाव दिसत नव्हता. दिसत होता फक्त पाळीवर उभा असलेला ऋषिकेश.

"मला सांगत राहा," त्या म्हणाल्या. "हातानं."

पहिल्यांदा नुसती हवा आली. बाईंनी हाताला चावा घेतला, थुंकी गिळली.

"उन्नतेऽऽ! अवं उन्नते! मी इकडं हाये!"

भुरकीचा आवाज राखडीवरून गेला. ऋषिकेशनं तळहात उभा केला. थांबली.

लांबून, वाऱ्यावर, बारीकसं: "भुरके? कोठी हायेस?"

"तुह्या मागं! मी निघाली वं बाहेर! तू काहून तिकडं चालली? इकडं ये, पाळीवर ये!"

"दिसत नाही तू!"

"काटा रुतला मले, बाभळीखाली बसली! ये नं... " तेच शब्द जिभेवर आले आणि बाईंनी ते तिथंच तोडले. "हळू ये. पळू नको. जशी गेली तशी ये, आपल्याच पावलावर पाय ठेव. खेळ खेळू आपण. दुसरीकडं पाय पडला तं आउट!"

ऋषिकेशचा हात हळूहळू आपल्याकडे वळू लागला. येते आहे. बाई बोलत राहिल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. तुरीच्या पाल्याबद्दल, आईनं मारलेल्या ढुशीबद्दल, शेपटीत अडकलेल्या गोखरूच्या काट्याबद्दल. मधून मधून तिकडून हसू यायचं. मग अचानक ऋषिकेशचा हात खाली पडला आणि त्याचा चेहरा पांढरा झाला. त्याच क्षणी किंकाळी आली.

"पाय! पाय गेला माहा! भुरके!"

बाई अर्ध्या उठल्या. ऋषिकेशनं दोन्ही हातांनी बसा, बसा अशी खूण केली. बाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि परत बसल्या. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नव्हतं.

"हालू नको!" भुरकी ओरडली, पण लाडानं. "माहा पण गेला होता असाच! हाललं की ते गुदगुल्या करते अन् ओढते. खाली बस. पाल्यावर बस, पाल्यावर झोप! पोट टेकव. आता म्या सांगतो तुले, मी कशी निघाली ते..."

वामनरावानं तोवर जवळच्या वावराची बांबूची ताटी उखडून आणली होती. ती राखडीवर सरकवत, तिच्यावर पोटानं घसरत तो निघाला. वाळक्या अंगाचा म्हातारा, तरी पापुद्रा करकरत होता. तो आवाज बाईंना झुडपामागं ऐकू येत होता. त्या बोलत होत्या. दर शब्दाला वाटत होतं की पलीकडून आता उत्तर येणार नाही. पण यायचं. "मंग?" उन्नती रडत विचारायची. "मंग काय झालं?"

शेवटी "मंग?" आलं नाही.

बाई थांबल्या. वारा थांबल्यासारखा झाला. ऋषिकेशकडे बघायचं धैर्य त्यांना होईना, तरी त्यांनी पाहिलं. तो मटकन खाली बसला होता आणि तोंडावर हात ठेवून रडत होता. कशासाठी रडतोय ते कळेना. मग त्याच्या पलीकडून, पाळीवर चढत, कमरेपर्यंत राखेनं माखलेला वामनराव आला. पाठीवर लाल स्वेटर होता. एका पायातली चप्पल गेली होती. बाकी सगळं होतं.

उन्नतीनं खाली उतरवल्याबरोबर इकडे तिकडे पाहिलं. हातात चुरगळलेल्या पाल्याच्या चार काड्या अजून होत्या.

"भुरकी कोठी हाये?"

वावरातून इंदुबाई धावत आली, विळा हातातच. कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिनं विळा फेकला, नातीला एक जोरात लगावली आणि मग तिला छातीशी असं धरलं की पोरगी गुदमरून खोकायला लागली. खोकता खोकताही तिचं एकच चाललं होतं, भुरकीच्या पायात काटा हाये, भुरकी बाभळीखाली हाये.

बाई झुडपातून बाहेर आल्या. गुपचूप निघून जाता आलं असतं. पण मग उद्या ही पोर त्याच शेळीला शोधत परत येईल, हे त्यांना लख्ख दिसलं.

"उन्नती," त्या आपल्या आवाजात म्हणाल्या, "शेळी नाही बाळा. गोष्टीत बोलते ती मी. आत्ताही मीच बोलत होते. तिथं कुणी अडकलेलं नाही."

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. आधी समजलं नाही, मग समजलं, आणि तिनं आजीच्या पदरात तोंड लपवलं. पाय रुतताना किंचाळली नव्हती तशी किंचाळली.

इंदुबाईनं विचारलं, "तुम्ही बोलावलं होतं तिले?"

ऋषिकेश पुढं झाला, "आजी, ते मशीन..."

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्याच आवाजानं."

इंदुबाईनं शिवी दिली नाही. "गेल्या तं बरं होईल," एवढंच म्हणाली. पोलिसांची गाडी तोवर पोचली होती.

परतताना रुतलेली गाडी ऋषिकेशनं पोलिसांच्या मदतीनं ढकलून काढली. त्याच संध्याकाळी त्यानं तो भाग काढून टाकला आणि भुरकीचं बोलणं बंद केलं. पण बाईंना चैन नव्हतं. आतापर्यंत किती पोरांनी 'येऊ का' विचारलं असेल? किती जणांना आपण 'ये' म्हटलं असेल? पुढचा आठवडाभर दोघं जुनी रेकॉर्डिंगं ऐकत आणि घरोघरी फोन करत बसले. एक पोरगा विहिरीत भुरकीला शोधणार होता. एक मुलगी बाजाराच्या दिवशी एकटीच बसमध्ये चढणार होती. बहुतेक आईबाप हसले, काहींनी आभार मानले, एकानं खूप सुनावलं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मधुकरराव म्हणायचे, आता झालं ना, सगळी सुखरूप आहेत ना. बाई मान डोलवायच्या आणि भाजीत मीठ दोनदा घालायच्या.

होळी झाल्यावर एक दिवस त्या बसनं एकट्याच सावरखेडीला गेल्या. इंदुबाईनं दारातून पाहिलं, मग ओट्यावर सतरंजी टाकली. चहाही केला. उन्नती उंबऱ्यावर बसून पाहत होती.

"तू खरंच भुरकी हायेस?" तिनं शेवटी विचारलं. "मंग बोल नं तसं."

बाईंनी तोंड उघडलं. एवढं तरी या पोरीचं देणं लागतो, असं त्यांना वाटलं. पण घशातून काही येईना. मान वळवली, डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. मिटल्या डोळ्यांपुढं ऋषिकेशचा खाली पडणारा हात आला. इंदुबाई चहाचा कप धरून बघत राहिली.

"राहू द्या बाई," ती हळूच म्हणाली. "मले पण रात्री ऐकू येते तिची ती किंकाळी."

उन्नतीनं थोडी वाट पाहिली. "नाही येत इले," तिनं आजीला सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट काहीतरी मिटल्यासारखं होतं. "ही नाही हाये ती." आणि उडी मारून ती रस्त्यावर गेली, तिथं दोन मैत्रिणी दोरीच्या उड्या खेळत होत्या.

बाई निघाल्या. स्टॉपवर बस लागलेली होती, कंडक्टर हाक मारत होता. त्या चढल्या नाहीत. पोरींनी दोरी गुंडाळली होती आणि तिघी कुठंतरी पळत निघाल्या होत्या. पुढं रस्ता फुटत होता, एक फाटा शाळेकडे आणि एक पाळीकडे. बाई तिथंच उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून. पोरी फाट्याशी थांबल्या, काहीतरी भांडल्या, आणि शाळेकडे वळल्या. तरी बाई हलल्या नाहीत. बस निघून गेली. दुसरी यायला बराच वेळ होता.